हाताबाहेरचं कलम

मोघेसाहेबांबरोबर कुठेही जायचं झालं की मी घरून अर्धा तास आधी निघत असे. दुबईत ट्रॅफिक असतो म्हणून नव्हे, वाटेत पाट्या असतात म्हणून. लिफ्टमधली सूचना, पार्किंगच्या मशीनवरची बारीक अक्षरं, मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी लावलेले नियम, यांतलं काहीही वाचल्याशिवाय हा माणूस पुढे सरकायचा नाही. "कुणीतरी बसून लिहिलंय ना," ते म्हणायचे, "मग वाचायला नको?"

माझ्या मुलाचा वाढदिवस आम्ही अल बर्शातल्या एका उड्या मारायच्या जागी केला होता. आत जाण्यापूर्वी पालकांनी एका कागदावर सही करायची असते. सगळ्यांनी केली. साहेबांनी मात्र तो कागद माझ्या हातातून काढून घेतला, पोरांच्या बुटक्या लाल खुर्चीवर बसकण मारली आणि चष्मा लावला. आत पोरं उड्या मारत होती आणि ज्याचा वाढदिवस तो बाहेर ताटकळत होता. "अंकल, जस्ट साइन इट, प्लीज," असं त्यानं तीनदा म्हणून झालं. साहेबांनी त्याला जवळ घेऊन सातव्या कलमात काय घोटाळा आहे ते समजावून सांगितलं. मग काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीला बोलावून ते कलम पेनानं खोडलं, तिच्याकडून शेजारी सही करून घेतली आणि म्हणाले, "यल्ला, आता मार उड्या." तोवर केक कापायची वेळ झाली होती.

एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या करार विभागात ते माझे वरिष्ठ होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात बिनदुधाचा चहा, तिकडची सुलेमानी. ते वकील नव्हते. सांगलीहून बी.ए. होऊन आलेला हा माणूस टायपिस्ट म्हणून लागला आणि करार टाइप करता करता करार लिहायला शिकला. मी पुण्याहून नवाकोरा आलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका गाईची गोष्ट सांगितली. ती गाय अमेरिकेतली होती.

त्यासाठी आधी जज्जची ओळख करून द्यायला हवी. दुबई मरीनात एका कन्सल्टंटच्या ऑफिसात एक म्हातारा अमेरिकन इंजिनिअर होता. नोकरी संपवून परत जाताना त्यानं साहेबांना एक जाडजूड पुस्तक दिलं. त्याच्या खापरपणजोबांचं, म्हणजे या जज्जचं चरित्र, घरच्यांनीच छापून घेतलेलं. "ते शेवटपर्यंत वाचेल असा माणूस मला इथे एकच भेटला," असं तो म्हणाला म्हणे. त्याची पारख बरोबर होती. साहेबांनी ते पुस्तक किती वेळा वाचलं असेल ते त्यांनाच ठाऊक. एका कापडी पिशवीतून ते रोज घर-ऑफिस करायचं आणि दिवसा मॉनिटरखाली उशाला असायचं.

हा जज्ज एकोणिसाव्या शतकातला. डोंगराकडेच्या एका छोट्या राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळा फक्त थंडीत, कारण उन्हाळ्यात शेतावर काम. पुढे स्वतःच मास्तर झाला. एका वकिलाच्या ऑफिसात शेगडी पेटवायच्या कामावर राहिला आणि शेगडीच्या उजेडात त्याचीच पुस्तकं वाचून वकील झाला. मग राज्याच्या विधिमंडळात निवडून आला. तिथे त्यानं कुंपणाचा कायदा केला. त्या काळी तिकडे गुरं मोकळी सुटायची, दुसऱ्याच्या मक्यात शिरायची आणि त्यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठायची. यानं स्वच्छ लिहिलं, ज्याची गुरं त्याची भरपाई, कारण काहीही असो. भांडणं थांबली, याचं नाव झालं आणि पुढे हा जज्ज झाला. घोड्यावर बसून गावोगाव जायचा आणि खानावळीच्या माडीवर कोर्ट भरवायचा.

एके दिवशी त्या माडीवर त्याचा शेजारीच प्रतिवादी म्हणून उभा राहिला. पहिल्या निवडणुकीला याच शेजाऱ्यानं त्याला आपला घोडा दिला होता. पुरात शेजाऱ्याचं कुंपण वाहून गेलं होतं आणि त्याच्या गाईंनी भलत्याचा मका फस्त केला होता. जज्जनं आपलाच कायदा उघडला आणि शेजाऱ्याच्या विरुद्ध निकाल दिला. शेजाऱ्याचं शेत गेलं. चरित्रात याला एक परिच्छेद आहे. त्याचा निःपक्षपातीपणा मित्रालाही वगळत नसे, असं लिहून पुढच्या प्रकरणात जज्जला बढती दिली आहे.

"आता सांग देवधर, यात चूक कुणाची?" साहेबांनी मला विचारलं होतं. मी जज्जची म्हणालो. "जज्जची नाही, कायदा करणाऱ्याची. पूर काही शेजाऱ्यानं आणला नव्हता. एक कलम कमी पडलं." त्या कलमाला आमच्या धंद्यात फोर्स मेजर म्हणतात. साहेब त्याला हाताबाहेरचं कलम म्हणायचे. वादळ, युद्ध, साथ, बंदर बंद पडणं, जे माणसाच्या हातात नाही त्याचा दोष माणसाला लागू नये. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक करारात हे कलम असायचं. क्रेन भाड्यानं घ्या, पंप घ्या, पाण्याचा टँकर घ्या, कलम आहेच. आमच्या विभागात रिवाजच होता, मसुदा पुरा झाला की कुणीतरी ओरडायचं, "गाय बांधली का?" आणि साहेब मान डोलवायचे.

मराठी मंडळात त्यांना सगळे गमतीनं जज्जसाहेब म्हणत, पण कामं गमतीची नव्हती. परदेशात आपली माणसं पोलिसात जात नाहीत, कोर्टात तर नाहीच. भांडतात मात्र गावच्यासारखीच. मग दोघांनी मिळून अल बर्शात साहेबांच्या फ्लॅटवर जायचं. साहेब दोघांना सुलेमानी द्यायचे, ऐकून घ्यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "लिहिलंय का?" नसेल तर लिहून द्यायचे. असेल तर लिहिलंय तसं. मंडळाची घटना त्यांनीच लिहिलेली, त्यामुळे मंडळातल्या भांडणांचे निकालही तेच देत. गणपतीच्या आरतीचा पहिला मान कुणाचा यावरून दोन घरं वर्षभर बोलत नव्हती. साहेबांनी एक कलम लिहून मान त्या वर्षी नव्यानं आलेल्या कुटुंबाला दिला. दोन्ही घरं नाराज झाली आणि त्या नाराजीत एकत्र आली. एकदा दिवाळी फराळाच्या आधी त्यांनी जज्जच्या जीवनावर व्याख्यान दिलं. मागे मिसळीचा कट दरवळत होता. शेजाऱ्याचा निकाल सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता, पण तो कौतुकानं. पाठीमागून कुणीतरी विचारलं, "साहेब, जज्ज जेवायला कधी बसतो?" साहेबही हसले.

मला आता ते हसणं आठवलं की कसंतरी होतं.

सुलभावहिनी, म्हणजे साहेबांची बायको, गेल्या त्या वर्षीच्या भाऊबीजेला मंडळातल्या नंदाताई पहिल्यांदा त्यांच्याकडे आल्या. नंदाताई शारजात, अल मजाजला राहायच्या. नवरा एका ट्रेडिंग कंपनीत. मूळच्या चिपळूणच्या, आईला एकुलत्या एक. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. नंदाताई लहानपणापासून तेच करत आल्या होत्या, तिकडे अंगणातून आणि इकडे बाल्कनीतून. त्या दिवशी डबा द्यायला म्हणून आल्या, रिकामं घर बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, पाट आहे का घरात?" पाट नव्हता. साहेब जज्जचं पुस्तक काढायला लागले तर त्या ओरडल्या, "पुस्तकावर बसतात का कुणी?" शेवटी चादरीची घडी घालून त्यावर साहेब बसले. त्यानंतर दर भाऊबीजेला साहेब ओवाळणीची साडी मीना बझारमधून स्वतः निवडून आणायचे आणि नंदाताई दरवर्षी तीच तक्रार करायच्या, "तीनशे दिरहम? म्हणजे सात हजार झाले की हो दादा, एवढी कशाला?" आणि दुसऱ्याच दिवशी ती नेसायच्या.

पुढे नंदाताईंनी आणि त्यांच्या शेजारच्या क्षमावहिनींनी मिळून अल मजाजच्या मागच्या गल्लीत पोळीभाजीचं दुकान काढलं. लायसन्स, भाडं, आचारी हे सगळं रीतसर. सणाला पुरणपोळ्या. एकटी राहणारी मराठी पोरं दुपारी तिथे रांग लावायची. दोघींचा करार लिहून देणं हे अर्थात साहेबांचं काम. क्षमावहिनींना एक धास्ती होती, एक जण गावाला जाऊन बसली तर दुसरीनं एकटीनं किती ओढायचं? साहेबांनी लिहिलं, जी भागीदार सलग तीन महिने दुकानावर नसेल तिचा दुकानावरचा हक्क संपेल. नंदाताईंनी न वाचता सही केली. साहेब रागावले. त्या म्हणाल्या, "दादा, तुमचं लिहिलेलं मी काय वाचायचं?"

करार एका पानाचा होता. साहेबांनी मुद्दाम तसा ठेवला होता. मला ते नंतर म्हणाले, "मला वाटलं, दोन बायकांचं पोळीभाजीचं दुकान, त्याला कशाला जड जड कलमं?" त्या पानावर गाय बांधलेली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दोन वर्षांनी चिपळूणला नंदाताईंच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. साहेबांनीच त्यांना विमानतळावर सोडलं. "आईकडे बघा, इथली काळजी करू नका," असं म्हणाले. म्हातारी रेंगाळत गेली, मग गेली, मग तेरावं, मग घराची निरवानिरव. नंदाताई परत आल्या तेव्हा तीन महिने उलटून गेले होते. इकडे क्षमावहिनींची दमछाक झाली होती. दोन नव्या बाया लावल्या होत्या, मनगटं सुजली होती, आणि चार लोकांनी कान भरलेच होते, की करारात लिहिलंय म्हणून. दोघी एकमेकींशी धड बोलेनात. शेवटी ठरलं, साहेब म्हणतील तसं.

रविवारी दुपारी दोघी अल बर्शात आल्या. मला साहेबांनी चहाला म्हणून बोलावलं होतं. साहेबांनी दोघींचं ऐकलं. मग तो कागद काढला आणि सगळा मोठ्यानं वाचला. तीन महिन्यांच्या ओळीवर आल्यावर थांबले. ते खाली, मग वर, मग पुन्हा खाली बघत राहिले. काय शोधत होते ते त्या खोलीत मला एकट्याला कळत होतं. ते कलम तिथे नव्हतं.

क्षमावहिनी साहेबांकडे बघत होत्या. नंदाताईही.

"लिहिलंय ते असं आहे," साहेब म्हणाले. "लिहिणारा मीच. आज माझ्या बहिणीसाठी मी ते वाकवलं, तर उद्या माझ्याकडे कुणी कशाला येईल? दुकान क्षमावहिनींचं."

नंदाताईंनी पदर सावरला. "दादा, हे लिहिताना माझी आई तुम्हाला आठवली नव्हती का?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. नंदाताईंनी कप उचलून बेसिनमध्ये नेऊन ठेवला, तो विसळला आणि खाली उतरल्या.

मंडळात दोन दिवस साहेबांची वाहवा झाली. सख्ख्या बहिणीसारख्या नंदाताईंनाही सोडलं नाही म्हणून. अगदी चरित्रातल्या परिच्छेदासारखी.

महिन्याभरानं क्षमावहिनी साहेबांकडे आल्या. एकट्या. मी तिथेच होतो, एक मसुदा दाखवायला गेलो होतो. त्या बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "साहेब, मी निकाल मागायला आले नव्हते हो. मला कुणीतरी म्हणायला हवं होतं, क्षमा, तू दमलीस, तुझ्यावर फार पडलं, आता दोघी मिळून करा. तुम्ही एवढं म्हटलं असतं तरी मी हो म्हणाले असते. तुम्ही एकदम वाचायलाच लागलात." त्या नंदाताईंकडेही जाऊन आल्या होत्या, परत ये म्हणून हातापाया पडल्या होत्या. नंदाताईंनी त्यांना जेवायला वाढलं आणि सांगितलं, दादांनी निकाल दिलाय, तो मी मोडणार नाही. खलास.

त्यानंतर साहेबांनी पाट्या वाचणं सोडलं नाही, पण वाचून दाखवणं सोडलं. कुणी भांडण घेऊन आलं की म्हणायचे, "तुम्हीच बसून बघा." ऑफिसात कुणी "गाय बांधली का?" म्हणून ओरडलं की मान न डोलवता मसुदा पुढे ढकलायचे. एकदा दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना ते पुस्तक उघडून बसले होते. मी जवळ गेलो तर बोट एका पानावर. म्हणाले, "देवधर, पाचशे पानं आहेत. जज्जनं कुठला घोडा किती वर्षं वापरला हे आहे. त्या शेजाऱ्याचं पुढे काय झालं, बायकापोरं घेऊन तो कुठे गेला, हे नाही. इतकी वर्षं वाचतोय, पण मलाही कधी ते विचारावंसं वाटलं नाही." मग पुस्तक मिटून म्हणाले, "क्रेनला सूट दिली मी. पाण्याच्या टँकरला दिली. नंदाताईला नाही दिली."

मी म्हणालो, साहेब, जाऊन सांगा ना त्यांना हे. ते म्हणाले, "काय सांगू? निकाल बरोबर होता असं सांगू, की निकाल देणाराच चुकीचा होता असं?" हा माणूस शब्दाला शब्द लावण्यात आयुष्यभर कधी अडला नव्हता.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. सांगलीचं तिकीट भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचं निघालं. ते मुद्दाम तसं काढलं असणार. भाऊबीजेला दुपारी मी सामान बांधायला मदत करायला गेलो तर साहेब धुतलेला शर्ट घालून तयार. फ्लॅट रिकामा. मधोमध चादरीची घडी घातलेली आणि शेजारी मीना बझारची पिशवी. चार वाजले, पाच वाजायला आले. "शारजाहून यायचं म्हणजे ट्रॅफिक असतोच," साहेब म्हणाले. मी हो म्हणालो. थोड्या वेळानं ते उठले, चादर उचलली, झटकली, पुन्हा घडी घालून बॅगेत ठेवली आणि म्हणाले, "देवधर, गाडी काढतोस?"

नंदाताईंच्या बिल्डिंगखाली वॉचमननं सांगितलं, मॅडम तलावावर गेल्यात. खालिद लगूनच्या काठी संध्याकाळची गर्दी होती, पोरांच्या सायकली, बाकांवर चहाचे थर्मास. गाडी लावली. पार्किंगची पाटी अगदी समोर होती, मोठी, दोन भाषांत. साहेब तिच्या जवळून निघून गेले. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

नंदाताई कठड्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. पलीकडच्या टॉवरांच्या वर बीजेची कोर दिसत होती, नखाएवढी. त्यांच्या हातात ताट होतं, कुंकू, सुपारी, करंज्या, तुपाचं निरांजन. एका हातानं वारा अडवत त्या चंद्राला ओवाळत होत्या. आम्ही मागे थांबलो. साहेबांच्या हातातली पिशवी वाजत होती म्हणून त्यांनी ती छातीशी धरली.

ओवाळून झाल्यावर त्या वळल्या. क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, "या साहेब."

दादा नाही. साहेब. त्यांनी आम्हा दोघांच्या हातावर एकेक करंजी ठेवली. उद्याचं विमान किती वाजताचं, तिकडे घर नीट करून घेतलंय का, गुडघ्याचं काय, सगळं विचारलं. साहेबांनी पिशवी पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"मी तुम्हाला ओवाळलं नाही. मग ओवाळणी कशी घेऊ?" त्या म्हणाल्या. "नियमात बसत नाही ना ते."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"नंदाताई," साहेब म्हणाले, "निकाल चुकला नाही. मी चुकलो."

"ते वेगळं कसं करायचं, मला नाही जमत हो," त्या म्हणाल्या.

कठड्यावर ठेवलेलं ताट उचलून निघावं म्हणून त्या वळल्या आणि थांबल्या. निरांजन अजून जळत होतं. दिवा फुंकून विझवत नाहीत. तो आपोआप शांत होईपर्यंत त्यांना तिथून हलता येईना. लगूनवरून वारा आला आणि ज्योत आडवी झाली, तसे साहेब पुढे झाले. पिशवी त्यांनी खाली ठेवली आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. तो दिवा त्यांच्यासाठी लावलेला नव्हता. नंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नको म्हणाल्या नाहीत. दोन हातांच्या अंतरावर, कठड्याला टेकून, त्या उभ्या राहिल्या.

कोर टॉवरांमागे गेली. दोघंही दिव्याकडे बघत होते. निरांजनात तूप किती उरलंय ते मला लांबून दिसत नव्हतं. अजून थोडं पुरू दे, एवढंच मी मनात म्हणत होतो.